शिंपल्यांची वाटी

लूम बंद होऊन आठवा महिना,
कानांना अजून सवय नाही.
कुंभारीच्या या दोन खोल्यांत
पहाटे मी ऐकत बसतो
पाच कोंबड्यांच्या चोचींचा आवाज
पत्र्याच्या घमेल्यावर,
धोटा अडकत अडकत चालावा तसा.

करडी चैत्रात खुडूक झाली.
नरसम्मानं बीडीच्या जुन्या सुपात पोतं अंथरलं,
नऊ अंडी ठेवली. सात फुटली.
सातातलं एक गेलं, महिन्याचंही नव्हतं,
सावलीत, पाण्याच्या थाळीशेजारी,
मान टाकून.

हिप्परगी डॉक्टर आले
बेचाळीस डिग्रीत, तोंडाला रुमाल बांधून.
घमेल्यातलं चिमूटभर घेतलं, बोटांत चोळलं.
"हे अंड्यावरच्यांचं खाद्य. यात चुना लई.
मोठीचं कवच होतं त्याचं,
बारक्याच्या मूत्रपिंडात साचतो."
मी मळलेली तंबाखू मुठीत झाकली.
माझ्या डबीतल्या चुन्याचं ते काही बोलले नाहीत.

आधी मी माझी अक्कल चालवली.
कांड्यांचा क्रेट पालथा घातला,
करवतीनं खाली फटी पाडल्या
पिल्लू जाईल, कोंबडी जाणार नाही एवढ्या.
आत पिल्लांचं, बाहेर मोठ्यांचं.
ठिपकीनं मान घातली, अडकली,
अंगणभर पिसं.
आणि पिल्लं आत राहिलीच नाहीत.
करडी बाहेर दाणा उचलून खाली टाकायची,
कुक् कुक् करायची,
की सहाच्या सहा फटीतून बाहेर,
तिच्या चोचीखालचं खायला.
आई बोलावते तेच खरं अन्न.
याच्यावर कुठली करवत चालणार?

मग डॉक्टर म्हणाले तसंच केलं.
एक पोतं, पिल्लांचं. तेच सगळ्यांना.
तिसऱ्या दिवशी तांबडीनं अंडं घातलं
कवचाशिवायचं.
पातळ पिशवी, कोमट,
माझ्या तळहातावर हलत होती,
आणि मला ती कुठं ठेवावी कळेना.

"आता चुना वेगळा ठेवा," फोनवर डॉक्टर,
"वाटीत. कुणाला घालू नका.
ज्याला लागतो तो येतो."

बाजारातून शिंपल्यांचा चुरा आणला.
समुद्र मी पाहिलेला नाही, तो किलोवर मिळतो.
नरसम्मानं फळीवरची स्टीलची वाटी दिली,
काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं
श्रीलता, आणि लग्नाची तारीख.

दुपारी सगळं सुस्त असताना
तांबडी एकटीच आली.
तीन तुकडे घेतले. थांबली. चौथा घेतला.
चोच मातीला पुसून गेली.
एक पिल्लू आलं, तुकडा उचलला,
टाकला,
मुंगीमागं पळालं.

श्रीलता पहिल्या वेळी इथंच होती.
पाटीवरच्या पेन्सिली खायची.
दुकानातून पुडा आणायची, उशीखाली ठेवायची,
भिंतीचा पोपडा नखानं काढायची.
मी ओरडलो होतो,
लेकरू आहेस का तू, पेन्सिली खायला?
पुडा गटारीत फेकला होता.
ती काही बोलली नाही. रात्री
कोपऱ्यातून बारीक आवाज यायचा,
कट, कट.
उंदीर असेल म्हणून मी कूस बदलायचो.

आता ती भिवंडीला. दुसऱ्यांदा दिवस गेलेत.
संध्याकाळी फोन लावला.
तिच्याकडं लूम चालू होते,
एवढा मोठा तो आवाज, मी जरा वेळ तोच ऐकला.
मग विचारलं, दूध घेतेस का?
आणि तुला काही, म्हणजे, वेगळं खावंसं...
"काय? कोंबड्या?"
हो, म्हटलं.
कोंबड्या बऱ्या आहेत.