निळी गाडी

बॅटरी गेली म्हणून फक्त.
नाहीतर मी कशाला निघते
गव्हाचा पिपा कमरेवर घेऊन,
मानेवाडा रोडच्या आतल्या गल्लीतून,
संध्याकाळी सहाला,
सिमेंटचा रस्ता जेव्हा दिवसभर प्यालेलं ऊन
चपलेतून परत करत असतो.

अकरा वर्षं ही गल्ली
मी पावणेदोन मिनिटांत पाहिली.
म्हणजे पाहिली नाही.
खड्डा, खड्डा, गतिरोधक, हॉर्न,
तोंडाला दुपट्टा, डोळ्यांपुरती मी.

चक्कीपर्यंत चढ आहे.
पोटऱ्यांनी सांगितलं,
अ‍ॅक्सिलरेटर कधी बोलला नव्हता.
रस्ता इतका उंच झालाय
की ढोमणेंच्या फाटकातून
आता घरात उतरावं लागतं.
खिडकीखिडकीत कूलर,
आणि ओल्या वाळ्याचा वास,
जो चालणाऱ्यालाच गाठतो.

"काहून वो बाई, गाडी कुठी गेली?"
तिघांनी विचारलं, तेही असं हळू,
जणू घरात कोणी आजारी आहे.
चौथ्याला मी सांगून टाकलं,
"बरी आहे आता."

गिऱ्हेपुंजेच्या भुवयासुद्धा पिठाच्या.
पिप्यावर लिहायला त्यानं खडू उचलला
आणि थांबला.
अकरा वर्षं तो लिहीत आला होता: निळी गाडी.
दाराबाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"आता काय लिहू? नाव काय तुमचं?"

मलाही क्षणभर लागला.
इंदू, म्हटलं. इंदू टेंभुर्णे.
त्यानं लिहिलं: ईंदु.
दोन्ही उकार-वेलांट्या उलट्या.
राहू दिलं.

येताना पीठ गरम,
कुशीला तापलेलं लेकरू घेतल्यासारखं.
सोहेलचा फोन, खांदा आणि कानात धरलेला:
"ताई, बॅटरी टाकली, घेऊन जा."
घेते रे, घेते.
उद्या सिलिंडरवाल्याकडे जायचंय,
तिकडे काही मी पायी जाणार नाही,
उगाच खोटं कशाला बोलू.

कडुनिंबाखाली कोणीतरी मडकं मांडलंय,
स्टीलचा गिलास साखळीनं बांधलेला.
कधीपासून आहे, कोण जाणे.
पिपा खाली ठेवला.
साखळी आखूड होती,
पाणी प्यायला वाकावं लागलं.