अर्धा न

क्रिस्तियानसुनच्या बंदर कचेरीतून निवृत्त झालेला तोरगैर
बहिणीच्या नावाचं एक छोटं पॅकेज सांभाळतो: सुन्निवा.
तारीख द्या, किनारा द्या,
ते भरती-ओहोटीची वेळ सांगतं.
फुकट. कुणीही घ्यावं.
कुठल्या देशात कोण घेतं
हे त्याला डाउनलोडच्या आकड्यापलीकडे ठाऊक नव्हतं,
ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती.

फेब्रुवारीत मोंतेविदेओहून एका बाईचं पत्र आलं.
मालेना. फेरीबोटींच्या कंपनीत प्रोग्रामर.
मांडीवर तापलेलं पोर, रात्रीचे दोन,
एका हातानं टाइप केलेली एक ओळ.
‘तुमच्या पॅकेजनं आमच्या सगळ्या किल्ल्या नेल्या.
तिकिटांचं खातं रिकामं आहे. उद्या मला वर बोलावलंय.
तुम्हाला झोप लागते का?’

त्यानं तिची ती ओळ पाहिली.
चष्मा पुसून पुन्हा पाहिली.
तिथं सुनिवा होतं.
अर्धा न गळालेला.

आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ झाला
तेव्हा निदान कुणाच्या तरी बोटांना शाई लागली होती.
इथं काही खोडलेलं नाही, गिरवलेलं नाही.
खऱ्या दाराला लागून तेवढंच दार,
तीच पाटी, तोच रंग,
आणि आत कुणीतरी दिवा लावून बसलेलं
थकलेल्या बोटांची वाट पाहत.

तोरगैरनं ते उघडलं.
सगळं त्याचंच होतं.
कंसांची बैठक त्याची. त्याचीच ती जुनी टीप:
‘अमावास्येला सात मिनिटं चुकतात. का, ते कळत नाही.’
ती सात मिनिटंसुद्धा इमानेइतबारे चोरलेली.
भरती बरोबर येत होती, ओहोटीही.
फक्त एका ठिकाणी ओळ संपल्यावर
उजवीकडे लांबच लांब कोरी जागा,
आणि पडद्याच्या कडेपलीकडे, जिथं कुणी जात नाही तिथं,
अकरा ओळी.
त्या त्याच्या नव्हत्या.

तक्रार केली. नऊ दिवसांनी ते दार बुजवलं गेलं.
मालेनाला त्यानं लिहिलं;
माफी मागायची की नाही हे ठरेना,
त्यामुळे पत्रात दोनदा हवामान आलं.

मग एका रविवारी कॉफीची किटली घेऊन तो बसला
आणि बहिणीचं नाव चुकवायला लागला.
दुसऱ्या कुणी चुकवायच्या आत
स्वतःच्या नावावर करून घ्यायला लागला.
सुन्नीवा. सन्निवा. सुन्निव्हा. सुनन्निवा.
प्रत्येक चुकीचं एक रिकामं पॅकेज,
आत एकच वाक्य: ‘घर शेजारचं.’

चुका शोधाव्या लागल्या नाहीत.
शाळेच्या दाखल्यावर ती सुन्नीवा होती,
मासळी कारखान्याच्या पगारपत्रकावर सन्निवा.
एका खलाशानं प्रेमपत्रात एक न खाल्ला होता,
ते तिनं लाल पेन्सिलीनं तपासून परत पाठवलं:
‘एका न ची कुणी असेल तर तिलाच लिही.’
इस्पितळात मनगटावरच्या पट्टीवरही
एकच न होता.
तेव्हा ती काही बोलली नाही.
त्यानंही नर्सला हाक मारली नाही.

संध्याकाळपर्यंत एकोणीस नावं झाली.
किटली गार.

मालेनाचं उत्तर मार्चअखेर आलं.
पोर बरं आहे. नोकरी गेली.
आता प्रत्येक नाव बोट ठेवून वाचते,
दुकानाच्या पाट्यासुद्धा, नवरा हसतो.
आणि अगदी खाली, जाता जाता विचारावं तसं:
‘सुन्निवा कोण?’
न दोन्ही जागेवर होते.

त्यानं खुर्ची पुढं ओढली.
खिडकीखाली धक्क्याच्या पायऱ्या अजून कोरड्या होत्या.
भरतीला चाळीस मिनिटं होती,
पण अमावास्या होती,
म्हणजे सत्तेचाळीस,
नाहीतर तेहतीस.