उंबऱ्याची मापं

डंडीत, ताय नदीच्या काठाला, तागाची गिरणी.
कोनशिलेवर साल आहे,
शेवटचा आकडा पावसानं खाल्लेला.
आत एकही माग नाही.
फरशीवर नुसती बोल्टांची भोकं, ओळीनं,
दात उपटलेल्या हिरडीसारखी.

मला इथं चाळीस खोल्या बसवायच्या आहेत.
चाळीस माणसं, ज्यांच्या पत्त्याच्या रकान्यात
कारकून आडवी रेघ मारतो.

वारसा समितीचं पत्र सतरा पानी:
ओतीव खांबांना भोक पाडू नये.
खिडक्यांचं लाकूड तेच. चुना त्याच प्रतीचा.
भिंतींना ओल लागता कामा नये,
थंडीत त्यांना तडे जातात.
हे वाक्य दोनदा वाचलं,
मग उठून चहा केला.

सर्व्हेवाले तीन दिवस लेझर लावून मोजत होते.
चौथ्या दिवशी रॅट्रे आला, कुत्रीसकट.
कागदावर वाकून म्हणाला,
यात वारा दाखवलेला नाही, बाई.

अकरा हिवाळे तो या दारात झोपलाय.
त्याला ठाऊक,
नदीवरचा वारा कोपऱ्याला वळसा घालून
पायांकडून शिरतो.
तिसऱ्या कमानीची भिंत पहाटे कोमट होते,
कारण पलीकडं बेकरीची भट्टी पेटते.
पन्हाळ कुठं गळतं, रखवालदार कुठं वळत नाही,
कुठल्या विटेमागं काडेपेटी कोरडी राहते.
मी लाल पेन्सिलीनं लिहीत गेले.
समास संपला.

तुला काय हवं, विचारलं.
आतून लागणारी कडी.
दिवा मालवायचं बटण, माझ्या हाताशी.
आणि हिला आत घ्या.
कुत्रीनं जांभई दिली.

राहिला उंबरा.
गिरणीतल्या बायकांच्या पायांनी,
पहाटेच्या भोंग्याला आत, रात्रीच्या भोंग्याला बाहेर,
मधोमध झिजून परातीसारखा झालेला.
समिती म्हणाली, काचेखाली जतन करा.
ठेकेदार म्हणाला, उखडा,
कुणी अडखळलं तर विमा कोण भरणार?
रॅट्रे म्हणाला,
माझं कंबरेचं हाड त्या खळग्यात नेमकं बसतं.
पाणीही तिथंच बसतं.
एक चर मारून द्या, बोटभर. आणि वर थोडी पडवी.

पण तुला तर खोली मिळतेय.
कुणासाठी?

तो खांब मोजायला लागला.
खोल्या चाळीसच ना, म्हणाला.

नवं दार आम्ही शेजारी काढलं,
उताराचं, चाकाची खुर्ची जाईल असं.
जुना उंबरा होता तिथंच राहिला.
चर पाथरवटानं शनिवारी मारला, पावती न करता.
पडवीची नोंद समितीच्या कागदात
'तात्पुरती' अशी आहे.
तात्पुरत्याला मुदत घालायची मी विसरले.
विसरले असंच म्हणायचं.

उद्घाटनाला फीत, केक, बॅगपाइप.
रॅट्रे नऊ नंबरात.
जिन्यावरून जाताना ऐकलं:
कडी लागली. निघाली. लागली. निघाली.
मी खाली उतरेपर्यंत चालूच होतं.

नोव्हेंबरातलं पहिलं दहिवर पडलं
त्या सकाळी मी लवकर गेले.
उंबऱ्यावर एक पुठ्ठा होता, घडी घालून ठेवलेला,
वर वजनाला अर्धी वीट.
माणूस निघून गेलेला.
हात लावून बघितला.
कोरडा होता.