समुद्रासाठी पेंढा

ऑक्टोबरात डोंगर पेटला तेव्हा
आम्ही ओहोटीत होतो, नडगीभर चिखलात,
आणि राख आमच्या बादल्यांत पडत होती,
शेजारी कुणी जुनी पत्रं जाळत बसल्यासारखी.
दोरिंदा म्हणाली, खणा, भरतीला अजून तास आहे.
आम्ही खणलं.
निलगिरी पेटली की फुटते,
सालीचे जळते तुकडे वाऱ्यावर खाडी ओलांडून
पलीकडच्या गावात उतरतात.

पाचव्या दिवशी आग विझली. टीव्हीवाले गेले.
मग दोरिंदा, वय अडुसष्ट, परवाना क्रमांक चार,
दोन्ही गुडघे कामातून गेलेले,
मासळीबाजाराच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली:
आता पाऊस येईल.

आठवडाभर सान रोकेपुढे मेणबत्त्या लावून
आम्ही तोच तर मागत होतो.
पण तिने बोटाने हवेत उतार काढला:
डोंगरावरून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत,
खाडीतून थेट तिसऱ्यांच्या पोटात.
शिंपलीला दोन नळ्या असतात,
एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर.
राख तिला ओळखू येत नाही.

राख धरून ठेवायला पेंढा लागतो.
गालिसियाच्या या किनाऱ्यावर पेंढा कुणाकडे?
जाळी आहेत, दोर आहेत, गंजलेले नांगर आहेत, तेही बोटींचे.
पेंढा होता एलादिओकडे, आत तिकडे, वीस किलोमीटरवर.
त्याच्या गोठ्याचं पाणी खाडीत येतं म्हणून
दोन वर्षं आम्हीच त्याला कोर्टात खेचलेला.
त्याने दोन ट्रक पाठवले.
ड्रायव्हर म्हणाला, मालकांचा निरोप आहे,
खटला चालू ठेवा.

आम्ही जन्मभर खाली वाकणाऱ्या बायका.
चढ आमच्या पायांना ठाऊक नव्हता.
रबरी बूट घालून वर गेलो,
मागे शाळेची पोरं, पाद्री, हार्डवेअरवाला,
आणि ट्रॉलरवरचा इद्रिस, ज्याने शिकवलं
वाऱ्याकडे पाठ करून पेंढा कसा उधळायचा.
त्याआधी आम्ही निम्मा पेंढा एकमेकींच्या तोंडावरच उधळला होता.
जमीन बुटातून गरम लागत होती.
कुंपण सगळं जळालेलं, फाटक तेवढं उभं,
कडी लावलेलं.
पाद्रीबाबांनी कडी काढली, आम्ही आत गेलो,
शेवटच्या बाईने ती परत लावली.
सवय.

ज्यांनी ही झाडं ओळीत लावली होती
त्यांच्यापैकी कुणी दिसलं नाही.

पेंढा ओढ्याच्या वरच्या अंगाला पुरला नाही.
दोरिंदा तिथे थोडा वेळ उभी राहिली, हात रिकामे,
मग म्हणाली, उतरा, अंधार होतोय.

त्या रात्रीच आला.
मी उठले नाही, पडून ऐकत राहिले.
नवरा म्हणाला, झोप.
मी म्हटलं, झोपलेच आहे.

तीन आठवड्यांनी, उधाणाच्या ओहोटीत, मोजणी.
पूर्वेच्या वाळूत, एका चौकटीत, सत्तावीस जिवंत.
पुन्हा मोजल्या. सव्वीस. एक दगड होता.
ओढ्याच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढा काळा थर
आणि त्याखाली शिंपल्या उघड्या,
आतून पांढऱ्या, धुऊन ठेवलेल्या बशांसारख्या.
तिथे आकडा मी लिहिला नाही. दोरिंदाने वही घेतली
आणि लिहिला: शून्य. खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

मग एक शिंपली मापात घालून पाहिली.
दोन मिलिमीटर कमी.
अंगठ्याने तिला वाळूत परत दाबली,
बटण लावावं तशी.

मंगळवारी कोर्टात तारीख आहे, एलादिओविरुद्ध.
दोरिंदाने त्याच्यासाठी दोन किलो वेगळ्या काढल्यात,
मापातल्या, वजन वहीत लिहून, पैसे स्वतःच्या खिशातून.
निकालाच्या आधी द्यायच्या की नंतर
यावर आमचं अजून एकमत नाही.