संशोधनाच्या मर्यादा

बेगमपुऱ्यात, विद्यापीठाच्या वाटेवर,
झेरॉक्स आणि रसवंतीच्या मधे आमचं दुकान.
पानाला इतके रुपये,
तक्ते असतील तर जास्त.
शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री जो कुणी येतो
त्याचे डोळे तसेच असतात,
विषय कुठलाही असो.

मी सगळं टाइप केलंय.
दुधनेकाठच्या बोअरमधलं फ्लोराइड,
आणि त्या पाण्यानं डागाळलेल्या दातांचे फोटो,
हसणाऱ्या प्रत्येक तोंडाखाली नमुना क्रमांक.
महानुभावांच्या सांकेतिक लिपीतली पोथी:
एका अक्षराच्या जागी दुसरं. तीन महिने
माझी बोटंसुद्धा काहीतरी लपवून चालायची.
नुझहत मॅडमनी खुलताबादहून उतरवून आणलेली दखनी वचनं;
'माटी' शब्द आला की त्या थांबायच्या,
म्हणायच्या, हा आपल्याकडचाच, बघ.
मोसंबीच्या मुळावरची बुरशी.
कोयत्यामागं सहा महिने जाणारी लेकरं
आणि त्यांच्यामागं निघालेली, कुठंतरी चुकलेली हंगामी शाळा.
झिंक ऑक्साइडचे एवढाले बारीक कण
की मी आम्रपाली सोनुनेला विचारलं, दिसतात का गं?
ती म्हणाली, ते नाही. सावली दिसते.

एकदा एकाच दुपारी
आत्म्याची चिकित्सा आणि शेळ्यांमधले जंत
प्रिंटरमधून एकात एक मिसळून निघाले.
मोईनचाचांनी तसेच शिवायला घेतले होते.
पानं निवडताना दोन्हींकडं सापडलं,
'शरीरात वास करतो, परंतु बाहेरून दिसत नाही.'
एक पान अजून मला खात्रीनं सांगता येत नाही.

विश्वांभर सर जिंतूरचे. पन्नाशी गाठलेली,
शाळा सांभाळून करत होते. मुलींची गळती, परतूर तालुका.
तक्ता ४.७ मध्ये आमचं गाव होतं.
आठवीतून गळालेल्या: अकरा.
नावं द्यायची नसतात. मु-१ ते मु-११.

मु-६. वडील गवंडी. भावंडं चार.
कारण: अभ्यासात अनास्था.

चष्मा काढला, पुसला, परत लावला.
उणे साडेपाच. लागला एकोणिसाव्या वर्षी.
त्यातून पहिली वाचली ती एसटीची पाटी,
परतूर ते सेलू. गाडी निघून गेली
आणि मी आपली वाचतच उभी.

अनास्था.
सात कळा दाबल्या की होतो हा शब्द.
दाबल्या. ते माझं काम.
मग प्रूफाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं,
'फळा दिसत नव्हता.'
खोडणार होते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

दुसऱ्या दिवशी सर ते पान घेऊन उभे.
'हे काहून लिहिलं, कुशावर्ताबाई? कुणी सांगितलं?'
म्हटलं, मु-सहानं.
ते स्टुलावर बसले.
रसवंतीचे घुंगरू वाजत राहिले, एक अख्खी मोळी संपेस्तोवर.
मग म्हणाले, तक्ता आता बदलत नाही, टक्केवारी हलते,
गाइडची सही झालीय.
आणि उठता उठता,
'मर्यादांच्या प्रकरणात घालू. एक ओळ.
तुम्हीच लिहा.'

पान २११. कारणांची नोंद शाळेच्या दप्तरावरून घेतली आहे,
मुलींना विचारलेले नाही.
त्यांतल्या एकीला फळा दिसत नव्हता.

साम्य तपासणीत नऊ टक्के निघालं.
उसनी वाक्यं रंगून आली, निळी, हिरवी,
अनास्थेची व्याख्या तर पूर्ण लाल.
ती ओळ कोरीच.

मोईनचाचांनी पाठीवर सोनेरी अक्षरं दाबली,
नाव सरांचं, वर्ष. पाच प्रती.
मी हात लावून पाहिला, अक्षरं अजून गरम होती.

दारात एक पोरगी, पेन ड्राइव्ह मुठीत,
गोगलगाईंवर आहे म्हणाली,
सोमवारपर्यंत होईल ना?

बस, म्हटलं.
तक्ते किती?