उचंत खाते

पाटीवर लिहिलंय ‘टलक अँड सन’.
सन पर्थकडे असतो, खाणीत डंपर चालवतो.
त्याच्या रिकाम्या टेबलाशी मला बसवलंय,
बारा आठवडे, बिनपगारी,
कॉलेजच्या फॉर्मवर रोज एक सही.

इन्व्हरकार्गिल. नकाशात याच्या खाली
थोडं पाणी, एक बेट, मग नुसता बर्फ.
पण हिशेबाचं वर्ष इथंही एकतीस मार्चलाच संपतं.
हे कळलं तेव्हा परभणीच्या क्लासमधलं
कुणीतरी बसस्टॉपवर भेटल्यासारखं वाटलं.

नायरी म्हणाली, किटली तिकडे,
आणि डगला सर म्हणू नकोस, तो दचकतो.
दोन आठवडे मी त्यांना काहीच म्हटलं नाही.
नुसती खाकरायचे.

मेंढ्यावाले यायचे, पावाच्या पिशवीत पावत्या घेऊन.
जंताचं औषध, काडतुसं, गमबुटांचे तीन जोड.
कागदांना लोकरीचा चिकट वास,
तो माझ्या कीबोर्डला लागला, मग बाहीला,
मग डब्यातल्या पोळीलाही.

मग मॅक्रॉबीबाई आल्या.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला, म्हणाल्या,
सगळं यातच आहे, तो जानेवारीत गेला.
डब्यात एक वही. शिसपेन्सिल, टोकदार अक्षर.
आणि दर शुक्रवारी:
के. – वीस.
के. – वीस.
बेचाळीस शुक्रवार. आठशे चाळीस डॉलर.
पावती एकाचीही नाही.

डग म्हणाला, मालकाची उचल, तिथं टाक, पुढचं घे.
नायरी म्हणाली, आधी विचार.

विचारलं,
फोनवर अर्ध्यात तुटणाऱ्या माझ्या इंग्रजीत.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग बाई म्हणाल्या, शुक्रवारी तो गावात जायचा.
गुडघ्याचं मलम आणायला, असं सांगायचा.
मग म्हणाल्या, तू तिथं काही लिहू नकोस.
राहू दे.

‘राहू दे’ असं सदर सॉफ्टवेअरमध्ये नाही.

आणि तेवढ्यात धामणगावकर सर आठवले,
खडूने भरलेली पँट, छताला टांगलेला बंद पंखा:
ज्या रकमेला घर सापडत नाही ना पोरींनो,
तिला उचंत खात्यात बसवा.
आम्ही मागच्या बाकावर हसलो होतो. उचंत!
उचकी लागल्यासारखा शब्द.
एवढ्या दक्षिणेला तो असा अख्खा उतरला,
मला वाटलं मोठ्याने बोलले की काय.

बसवले तिथे आठशे चाळीस.
डगने चष्म्यावरून पाहिलं,
काही म्हणाला नाही. जूनपर्यंत राहू दिलं.
सर पुढे म्हणाले होते, पण हे खातं कायमचं नसतं,
शेवटी शून्य व्हावंच लागतं.
माझ्या व्हिसावरही एक तारीख आहे.
ते असो.

जूनमध्ये, गवतावर दहिवर पांढरं गोठलेलं असताना,
बाई सहीला आल्या.
म्हणाल्या, उचलच म्हण. त्यानेच उचलले होते.
के. कोण ते त्यांना कळलं होतं की नाही
हे मला चेहऱ्यावरून वाचता आलं नाही.
हातमोजे मात्र त्यांनी एकच काढला, सहीपुरता.
मी नोंद फिरवली. खातं शून्य.
एंटर दाबताना बोट जरा थांबलं, इतकंच.

जाताना पिशवीतून त्यांनी दोन स्वीड काढले,
सलगमाचे थोरले भाऊ, जांभळे, मातीसकट.
पहिल्या हिमानंतर गोड होतात, म्हणाल्या.
याची पावती देऊ का?
डग हसला. तो हसतो हे मला बाराव्या आठवड्यात कळलं.

रात्री आईचा फोन. पगार सुरू झाला का गं?
झाला, म्हटलं. जिन्नसात.
मोहरी तडतडली, फोडी टाकल्या, झाकण ठेवलं.
चव काही केल्या कशातच बसेना:
कोबीही नाही, मुळाही नाही,
तळाशी किंचित गोड.
दुसरा तसाच ठेवलाय,
खिडकीत, मातीसकट.