आटे

लवू घाडीगावकर रिटायर झाले त्या दिवशी
वॉर्ड ऑफिसात शाल, नारळ, स्टीलचा डबा, सगळं रीतसर झालं.
साहेब बोलायला उभे राहिले
आणि सत्कारमूर्ती गायब.
सापडले टेकडीच्या उतारावर.
शाल कठड्यावर टाकलेली,
चेंबरमध्ये कोपरापर्यंत हात घालून
व्हॉल्व्हला ग्रीस लावत होते.

म्हटलं, काका, उद्यापासून हे तुमचं नाही.
'म्हणानच तर आज,' म्हणाले.

मग चावी दिली.
चावी म्हणजे खिशातली नव्हे,
छातीएवढी उंच, लोखंडी, वर आडवा दांडा,
दांड्याची दोन्ही टोकं तळहातांनी झिजून आरशासारखी.
'गरगर फिरवू नको.
हिसका दिलास तर खालच्यांना गढूळ, वरच्यांना नुसती हवा.
आटे मोज. तोंडानं मोज.
पाणी आटतं रे, आटे आटत नाहीत.'
स्वतःच्याच कोटीवर हसले, खोकले,
आणि शाल तिथेच विसरून भांडुप स्टेशनच्या दिशेनं उतरले.

वही मात्र विसरले नाहीत. हातात दिली.
शाळेची, दोनशे पानी,
वर 'तन्वी ल. घाडीगावकर, ७ वी ब' खोडलेलं.
आत बत्तीस वर्षं.

मशिदीमागचा: अठरा आटे. उलटा फिरतो.
पिंपळाखालचा: बावीस. झाकण काढताना पाय लांब, विंचू.
गिरणीजवळचा: सोळा, परीक्षेच्या दिवसांत अर्धा तास आधी.
शेवटची ओळ: उघडून निघून जाऊ नये.
वर चढावं. कामतेकर वहिनींचा नळ बोलला की मग घरी.
आणि एका पानावर एवढंच:
नाक्यावरचा नवीन टॉवर. चहा घेऊ नये.

कारण लिहिलेलं नव्हतं.
मला वाटलं, चहा वाईट असेल.

चहा चांगला होता.
आलं, वेलची, सोबत खारी,
सेक्रेटरी पण चांगला, आईच्या गुडघ्याची चौकशी करणारा.
'फक्त तीन आटे हो,
आमच्या टाकीला तेवढंच कमी पडतं.'
मे महिना होता. मी घेतला.

त्या पहाटे मी वर चढलो नसतो तर
मला काही कळलंच नसतं.
पण वहीत लिहिलं होतं, म्हणून चढलो.
शेवटच्या ओळीत एक मुलगी
नळाखाली पेला धरून बसलेली.
हंड्यात ओतायची, मोजायची,
दहा, अकरा, बारा,
तेराव्याला नळ खोकला आणि गप्प झाला.
चौदा हा आकडा तोंडात धरून
ती तशीच बसून राहिली.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तीन आटे परत घेतले.
सेक्रेटरीनं त्यानंतर आईचे गुडघे कधी विचारले नाहीत.
काकांच्या ओळीखाली
माझ्या कोंबड्याच्या पायांच्या अक्षरात लिहिलं:
एकदा घेतला. घेऊ नये.

पुढे ते एकदा कांजूरच्या बाजारात भेटले,
सुकट निवडत होते.
सांगायचं ठरवलं होतं सगळं.
त्यांनी विचारलं, 'वर चढतस मा?'
म्हटलं, चढतो.
'मग झाला,' म्हणाले, आणि बोंबलांचा भाव करू लागले.

त्यांची शाल मी फाडली, खोटं कशाला बोलू.
उन्हाळ्यात दुपारच्या पाळीला दांडा भाजतो,
तर दोन्ही टोकांना तिच्या पट्ट्या गुंडाळल्यात.
जर थोडा टोचतो.

आता हाताखाली शमिका आली आहे, नवीन भरतीतली.
पहाटे चार वाजता जांभया देते,
आणि कुठलीही गोष्ट कारणाशिवाय ऐकत नाही.
काल नाक्यावर विचारलंन, सर, चहा का नाही?
मी वही पुढे केली.
तिनं टॉर्च तोंडात धरून वाचलं,
आधी त्यांचं, मग माझं.
काही बोलली नाही. वही पिशवीत टाकली,
तिच्या पिशवीत,
आणि चावी खाली सोडून
मोठ्यानं मोजायला लागली.
वर कुठेतरी कुणीतरी हंडा सरकवला.